ड्रिल चौथ्या मजल्यावर आहे

"ताई, बाकी सगळ्यांचं बंद करा, माझी ना नाही. पण चौथ्या मजल्याचं तेवढं राहू द्या."

हे मला पार्सलवाल्यानं सांगितलं होतं. सेल सुरू व्हायला चार दिवस होते. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होता, हातात सात खोकी होती आणि सर्वांत वरचं त्यानं हनुवटीनं दाबून धरलं होतं. मी "बघू" म्हटलं. आमच्या घरी "बघू" म्हणजे नाही, हे माझ्या तीन वर्षांच्या मुलीलाही कळतं, पण त्याला कसं कळणार? मनात म्हटलं, याच्या पोटावर पाय येतोय म्हणून हा निदान एक मजला वाचवायला बघतोय. माणसं ओळखण्यात मी चुकत नाही, असं तेव्हा माझं मत होतं. आता ते मत मी जपून वापरते.

मी प्रूफं तपासते. घर तळमजल्यावर, टेबल खिडकीशी आणि खिडकीतून फाटक दिसतं. त्यामुळे दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका आणि दुसऱ्यांच्या घरी येणारी खोकी या दोन्हींवर माझी सारखीच नजर असते. वर्षातून एकदा तो दहा दिवसांचा ऑनलाइन सेल लागला की आमच्या चार मजल्यांच्या, पंधरा घरांच्या इमारतीत चालायला वाट राहत नाही. या गोष्टीच्या आदल्या वर्षी दोनशे बारा पार्सलं आली. मी मोजली. त्यांतली एकोणीस आमची होती, हे मी सांगितलं नसतं, पण नवरा सांगेल म्हणून आधीच सांगते.

त्याच सेलच्या नवव्या दिवशी आमची मुलगी नाहीशी झाली. तिला घरात आम्ही फौजदार म्हणतो, कारण ती कुणालाही चौकशीशिवाय आत सोडत नाही. वीस मिनिटं ती सापडली नाही. मी फाटकापर्यंत, नळापर्यंत, गच्चीपर्यंत धावले. त्या वीस मिनिटांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. शेवटी ती जिन्याखाली कुणाच्या तरी कपाटाच्या रिकाम्या खोक्यात बबलवाला कागद पांघरून गाढ झोपलेली सापडली. नवरा म्हणाला, "एवढ्या मऊ गादीचं खोकं आपल्याकडे कधी आलं नाही." मी मात्र त्या दिवशी ठरवलं, पुढच्या सेलला या इमारतीत खोकं येणार नाही.

लोक असं ठरवतात आणि विसरतात. मी विसरत नाही. माझी योजना साधी होती. जिन्याखाली मीटरशेजारी एक खोली आहे. ती इमारतीची, पण तिच्यात सेक्रेटरींचा पाय मोडलेला सोफा अकरा वर्षं विश्रांती घेत होता. ती खोली मोकळी करायची आणि प्रत्येक घरानं वर्षभरात न वापरलेल्या वस्तू तिथं आणून ठेवायच्या. ज्याला जे लागेल त्यानं वहीत लिहून न्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. मोडलेलं असेल ते आधी दुरुस्त करून बघायचं. आणि सेलच्या दहा दिवसांत काही मागवायचं नाही.

सभेत सेक्रेटरी म्हणाले, "कल्पना चांगली आहे वहिनी. पण लोक ऐकतील का? असं करू, पार्सलं गेल्या वर्षीच्या निम्मी जरी झाली, तरी खोली तुमची. कायमची. नाहीतर माझा सोफा परत येईल."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. निम्मी म्हणजे एकशे सहा, ती मी आरामात जिंकले असते. पण सेक्रेटरींनी हे बोलताना शेजारच्या माणसाकडे बघून किंचित हसू दाबलं. मला दाबलेलं हसू दिसतं.

"निम्मी कशाला?" मी म्हटलं. "एकही येणार नाही."

नवऱ्यानं खुर्चीखालून माझ्या पायाला पाय लावला. मी त्याचा पाय बाजूला केला.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"लिहून द्या मग."

मी लिहून दिलं. त्यांच्या नोटिशीतल्या दोन चुकाही जाता जाता दुरुस्त करून दिल्या. त्याबद्दल त्यांनी आभार मानले नाहीत.

पुढचे चार दिवस मी फौजदाराला कडेवर घेऊन दारोदार फिरले. मूल कडेवर असलं की लोक दार लावून घेत नाहीत, हा अनुभव आहे. सल्ले मात्र ढिगानं मिळाले. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "लोक चांगलं देणार नाहीत, कचरा देतील," आणि मला काच नसलेलं घड्याळ दिलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी वस्तू नेणाऱ्याकडून तीन प्रतींत अर्ज घ्यावा असं सुचवलं, अर्जाचा नमुनाही दिला. तिसऱ्या मजल्यावरच्या इंजिनियरनं विचारलं, "ड्रिल चालेल?" आणि तिथून खरा शोध लागला. पंधरा घरांत मिळून नऊ ड्रिल निघाली. नऊ. त्यांतल्या पाचांची पेटी उघडलेली नव्हती. चांगलं एक ठेवलं आणि बाकीची आठ आम्ही एका सुतारकाम शिकवणाऱ्या वर्गाला देऊन टाकली. त्या दिवशी मला स्वतःबद्दल जे वाटलं, ते परीक्षेत पहिली आले होते तेव्हाही वाटलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावर दोन घरं. एक कायम कुलूपबंद, दुसरं ऑपरेटर काकूंचं. काकूंनी चाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले. आता एकट्या असतात. गेल्या वर्षीच्या दोनशे बारांपैकी अठ्ठावीस पार्सलं त्यांची होती, म्हणजे एकट्या बाईनं आमच्या तिघांना मागं टाकलं होतं. पार्सलवाल्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण, ते मला तेव्हाच कळलं, असं मला वाटलं.

"काकू, वर्षभरात वापरलं नाही असं काय आहे?"

काकूंनी आम्हाला बसवलं. फौजदाराला बिस्किट दिलं. कपाटं उघडून दाखवली आणि मी चकित झाले, कारण कपाटं जवळजवळ रिकामी होती. अठ्ठावीस पार्सलं गेली कुठं? हा प्रश्न मला पडला होता. मी तो विचारला नाही. आपल्या हुशारीवर खूश असलं की माणूस प्रश्न विचारत नाही.

"ही काठी बघ," काकू म्हणाल्या. "मागं पाय मुरगळला होता तेव्हाची. आता लागत नाही."

"मग द्या. आणि हे दोन चार्जर कशाला? फोन तर एकच आहे."

"एक नेतेस?"

"नियम आहे ना काकू. जे एकाच्या वर आहे ते खोलीत."

त्यांनी एक चार्जर काढून दिला आणि पार्सल न मागवण्याच्या कागदावर सहीसुद्धा केली. सही करताना पेन जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवलं. "दहाच दिवस ना?" त्यांनी विचारलं.

"दहाच दिवस," मी म्हटलं आणि उतरले.

सेल सुरू झाला. पहिला दिवस, पार्सलं शून्य. खोलीच्या दारावर मी मोठ्या कागदावर शून्य लिहून चिकटवलं. दुसरा दिवस, शून्य. पार्सलवाला फाटकावरून जाताना माझ्या खिडकीकडे बघून हात करायचा, मीही करायचे, पण सावधपणे. घरी नवरा फोनकडे बघत बसायचा. "काय करतोयस?" विचारलं की म्हणायचा, "नुसतं बघतोय. बघायला बंदी आहे का?" तिसऱ्या दिवशी त्याला बूट हवे होते. मी जुने चांभाराकडे दिले. ते नवा तळ लावून आले तेव्हा इतके चांगले दिसले की तो ते घालून विनाकारण खाली-वर करून आला.

खोली मात्र अशी चालली की विचारू नका. शिडी एका दिवसात चार घरं फिरली. पाळण्यावर दोघांचा दावा लागला, त्यांतल्या एकांकडे अजून बाळ यायचं होतं. काच नसलेलं घड्याळ कुणीतरी नेलं आणि काच बसवून परत आणलं, तेव्हा शिक्षिकाबाईंना ते परत हवंसं झालं. बँकवाले स्वतः तीन प्रतींत अर्ज करून सुटकेस घेऊन गेले. आणि ड्रिल. ज्या लोकांनी पेटीही उघडली नव्हती, त्यांना आता रांग लागल्यावर भिंतींना भोकं पाडायची घाई झाली. सकाळी दुसऱ्या मजल्यावर घुर्रर्र, दुपारी तिसऱ्या. इंजिनियरनं तर आपलंच ड्रिल वहीत सही करून परत नेलं आणि सलग तीन दिवस फळ्या ठोकल्या. आवाजानं माझी प्रूफं दोनदा चुकली. पण मी मनात म्हणत होते, हा आवाज माझ्या योजनेचा आहे.

सातवा दिवस, शून्य. सेक्रेटरी येता-जाता कागदाकडे बघायचे, नाक मुरडायचे. सोफा गच्चीवर उन्हात उभा होता.

आठव्या दिवशी सकाळी अकराला पार्सलवाला फाटकातून आत आला. हात रिकामे. पण अंगात जाड जाकीट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. बाहेर असं ऊन की मी पंखा पाचावर ठेवला होता. आणि त्याचं पोट चौकोनी होतं.

मी फौजदाराला उचललं आणि जिन्याशी आडवी उभी राहिले.

"कुठं?"

"वर, ताई."

"पार्सल?"

"कुठं दिसतंय?" त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. जाकिटाच्या आत काहीतरी करकरलं.

"कोण आहे?" फौजदारानंही विचारलं, ती सगळ्यांना विचारते.

"मी, तुझा काका," तो म्हणाला आणि माझ्या बाजूनं वाट काढून वर निघाला. "ताई, मला उशीर होतोय. चौथ्या मजल्यावर जाऊन येतो."

माझं शून्य चार जिने चढून निघालं होतं. मी मागोमाग गेले. मुद्देमालासकट पकडायचं, एवढंच डोक्यात होतं. तिसऱ्या मजल्यावर इंजिनियरचं ड्रिल चालू होतं, भिंत थरथरत होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. पार्सलवाल्यानं बेल वाजवली.

काही नाही.

पुन्हा वाजवली. खालचं ड्रिल थांबलं तेव्हा आतून आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट. चाळीस वर्षं फोनवर बोललेल्या बाईचा आवाज.

"कोण?"

"पार्सल, काकू."

"आलास? परवापासून वाट बघतेय. थांब, येते. जाऊ नकोस हं. जरा वेळ लागेल."

मग आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. करर्र. थांबला. पुन्हा करर्र.

आम्ही दोघं दाराकडे बघत उभे राहिलो.

"काकू, काय झालं?" मी ओरडले.

"काही नाही गं. पाय मुरगळलाय. खुर्ची ढकलत येतेय. आता कुठं टेबलापाशी आलेय." करर्र.

पार्सलवाल्यानं जाकिटाची चेन उघडली आणि आतलं खोकं काढून जमिनीवर ठेवलं. लपवण्यात आता अर्थ नव्हता. त्यावर काकूंचं नाव होतं.

"चपला आहेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पहिल्याच दिवशी मागवल्या त्यांनी. मला फोन करून म्हणाल्या, लपवून आण, खालच्या मुलीला वाईट वाटेल." खालची मुलगी म्हणजे मी. "आल्या परवाच. पण तुमच्या खिडकीसमोरून आणायचा धीर होईना. दोन दिवस गाडीत फिरवल्या. काल फोन लावला तर बंद. म्हणून आज आलो. ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं ना."

"तुम्ही कारण कुठं सांगितलंत?"

"तुम्ही 'बघू' म्हणालात," तो म्हणाला. त्याला 'बघू' कळलं होतं तर.

करर्र. करर्र. नऊ मिनिटं लागली. मी घड्याळात बघितलं, कारण तेवढंच करण्यासारखं होतं. फौजदारानं दाराच्या फटीला तोंड लावून "आजी, ये, ये" असा सपाटा लावला होता आणि आतून दर वेळी "आले गं राणी" असं उत्तर येत होतं. शेवटी कडी निघाली.

काकू खुर्चीच्या पाठीवर ओणव्या उभ्या होत्या. उजवा पाय घोट्यापाशी भोपळ्याएवढा झाला होता. चेहरा उतरला होता, पण केस नीट विंचरलेले. मी त्यांना धरून बसवलं. पार्सलवाल्यानं सरळ आत जाऊन पाणी आणलं. त्याला पेला कुठं असतो ते माहीत होतं. हे मी पाहिलं.

"परवा सकाळी स्टुलावरून उतरताना वळला," काकू म्हणाल्या.

"अहो, मग फोन नाही का करायचा?"

"चार्ज नव्हता."

"चार्जर?"

काकूंनी टेबलावरच्या चार्जरकडे बोट दाखवलं.

"एक तुमच्याकडे होता ना, काकू? मी एकच नेला."

"चालणारा तुला दिला. दुसऱ्यांना द्यायचं ते बंद पडलेलं कसं देऊ? उरलेला कधीतरी चालायचा. आता चालतच नाही."

"आणि काठी..." मी म्हणाले.

"काठी असती तर परवाच दारापर्यंत आले असते गं. खुर्ची धरून उभं राहणं आज कुठं जमलं. हाकाही मारल्या. पण खाली ते यंत्र चालू असायचं. थांबलं की मी ओरडायचे, मी ओरडले की ते सुरू व्हायचं." त्या हसल्या. "आमच्या ट्रंक लायनीला असंच व्हायचं."

हे सगळं नीट मांडून बघा. काठी मी नेली, चार्जर मी नेला, ड्रिल मी फिरवलं आणि बेल मी बंद केली. दोन दिवस एक बाई बिस्किटांवर बसून होती, आणि खाली मी शून्याचा कागद सरळ चिकटलाय ना ते बघत होते. एखाद्या दुष्ट माणसानं ठरवून केलं असतं तरी एवढं बिनचूक जमलं नसतं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर चार जिने चढून आले. आधी त्यांनाच पाणी द्यावं लागलं. हाड शाबूत होतं, पण पंधरा दिवस विश्रांती सांगितली. मी वही काढून काठी कुणी नेली ते बघितलं. दुसऱ्या मजल्यावर गेले तर काठी खिडकीवर पडद्याचा दांडा होऊन बसली होती, दोन्ही टोकांना आमच्याच ड्रिलनं भोकं पाडून, स्क्रूनं पक्की. ती काढली, पडदा त्यांच्या हातात दिला. काकू काठी फिरवून बघत म्हणाल्या, "बरं झालं, हवा खेळती राहील."

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते. तो न विचारलेला प्रश्न आता विचारला. "काकू, गेल्या वर्षीची अठ्ठावीस पार्सलं कुठं गेली?"

"परत."

"सगळी?"

"मला काय लागतंय गं? पण कसं आहे, एक वस्तू मागवली की तो एकदा आणायला येतो. परत केली की एकदा न्यायला येतो. एका वस्तूच्या दोन फेऱ्या. चपला मागवल्या तर तीन. आणायला, माप बदलून द्यायला आणि परत न्यायला." त्यांनी हिशेब बोटांवर दाखवला. "दिवसभरात एक तरी बेल वाजते. दोन शब्द बोलतो, मुलीच्या शाळेचं सांगतो. वाईट आहे का?"

मी प्रूफं तपासणारी बाई आहे. वर्षभर ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी फक्त आकडा वाचला.

मी निघाले तेव्हा पार्सलवाला जिन्यात थांबला होता. "ताई," तो म्हणाला, "मी चपला गाडीतूनच परत पाठवतो. मी काही आणलं नाही, तुम्ही काही पाहिलं नाही. दोनच दिवस राहिलेत. खोली जाईल तुमची."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. तळमजल्यावर उतरेपर्यंत झाला. मग मी पेन घेतलं, दारावरचं शून्य खोडलं आणि एक लिहिला. माझ्या आयुष्यातली सर्वांत अभिमानाची दुरुस्ती ती. त्या एकाच्या खाली लिहिलं: "पार्सलामुळे काकू सापडल्या."

अकराव्या दिवशी सभा झाली. काकूंचा पाय सुजलेला होता म्हणून मी ती चौथ्या मजल्यावरच ठेवली. सगळे धापा टाकत आले. बँकवाले म्हणाले, आपण सहा वर्षांत पहिल्यांदाच इथं येतोय. इंजिनियर तर बरोबर खालच्या मजल्यावर राहतो, त्यानं काकूंकडे बघितलंच नाही, छताकडे बघत होता. सेक्रेटरींनी माझा कागद वाचून दाखवला. "एकही नाही असं लिहून दिलं होतं. एक आलं. दोनशे बाराचं एक झालं, हे मान्य आहे वहिनी, पण लिहिलं ते लिहिलं. सोफा गच्चीवर खराब होतोय."

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. माझ्याच अक्षरात होतं.

"मग सामान ठेवायचं कुठं?" शिक्षिकाबाईंनी विचारलं. घड्याळ त्यांना अजून हवं होतं.

काकूंनी काठी जमिनीवर ठोकली. "माझी मागची खोली रिकामी आहे. कपाटंही रिकामी आहेत. वहीही माझ्याकडे द्या, अक्षर चांगलं आहे माझं. चाळीस वर्षं नोंदीच केल्यात."

"चार मजले चढून यायचं?" सेक्रेटरी म्हणाले. "एका ड्रिलसाठी?"

"दोनदा," काकू म्हणाल्या. "न्यायला एकदा आणि परत आणायला एकदा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू दाबता आलं नसतं.

तेव्हापासून ड्रिल चौथ्या मजल्यावर आहे. त्याला नियम आहेत: बेल वाजवायची, बसायचं, पाणी प्यायचं, वहीत लिहायचं. शिडी चार मजले उतरवताना लोक कुरकुरतात आणि परत नेताना अर्धा तास गप्पा मारून येतात. फौजदार रोज सकाळी कुणी काय परत आणलं नाही त्याची चौकशी करायला वर जाते. चपला परत गेल्या, माप लहान होतं म्हणे. पार्सलवाला अजूनही येतो, रिकाम्या हातानं आणि बिनजाकिटाचा. त्याला घरी फळी ठोकायची होती. बाहेरच्यांना वस्तू देण्याचा नियम नव्हता, तो काकूंनी स्वतःच वहीत घालून घेतला. पुढच्या वर्षीच्या सेलमध्ये किती पार्सलं आली ते मी मोजलं नाही. नवरा म्हणतो सात. सेक्रेटरींचा सोफा खोलीत आहे, पण त्याला चौथा पाय बसलाय. ड्रिल त्यांनीच येऊन नेलं होतं, दोन फेऱ्या करून.

तुमच्याकडेही सेल लागेल. तेव्हा एक करा. तुमच्या इमारतीत कुणाच्या दाराशी सर्वांत जास्त खोकी येतात आणि सर्वांत जास्त परत जातात, ते बघा. त्यांना नावं ठेवू नका, मी ठेवली होती. वर जा आणि बेल वाजवा. दार उघडायला वेळ लागला तर निघून येऊ नका, थांबा. आणि काय बोलावं ते सुचलं नाही, तर ड्रिल आहे का विचारा.